नदीकाठची झाडं रांग सोडून गेली तेव्हा

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, कारण हे मी आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगितलं नाही ना, तर माझं पोट दुखेल. आमची झाडं चालायला लागली होती. हो, झाडंच. जमिनीत लावलेली.

नीट सांगते. आम्ही वीस-पंचवीस जण दर रविवारी सकाळी गोदावरीच्या काठी झाडं लावायला जातो. नाशिकच्या वरच्या अंगाला, जिथे सिमेंटचे घाट नाहीत आणि काठाला लागून फुलांची शेतं आहेत, तिथे. आमचे पुढारी म्हणजे पीटीचे रिटायर्ड सर. गळ्यात अजून शिट्टी. सरांचा नियम एकच, रांग सरळ पाहिजे. दोन खुंट्या, मधे ताणलेली दोरी, दर दहा फुटांवर खड्डा. आषाढात आम्ही करंज, अर्जुन, जांभूळ अशी चाळीस रोपं लावली आणि सर एका टोकाला उभं राहून ओरडले, "सतरा नंबर, थोडं डावीकडे!" ते झाडाला सांगत होते. माणसाला नाही.

पुढच्या रविवारी मधली तीन रोपं गायब. आणि खड्डे? व्यवस्थित बुजवलेले!

"चोरी," सर म्हणाले.

"बकरी असेल," आमच्यासाठी पोहे आणणाऱ्या काकू म्हणाल्या.

"काकू, बकरी खड्डा बुजवते का?"

"आमच्या कळवणची बुजवते. तुला काय माहीत?"

सगळे हसले, पण मला चैन पडेना. चोराने खड्डा कशाला बुजवायचा? मी काठाने पुढे चालत गेले, आणि जिथे नदी वळते त्या उंचवट्यावर, जिथे कुणाचंच शेत नाही, तिथे आमची तीन रोपं उभी! आमचीच होती, कारण एका करंजाला मी स्वतः नेलपॉलिशचा ठिपका लावला होता (का ते विचारू नका, कंटाळा आला होता). आणि इतकी छान लावलेली! भोवती गोल आळं, आधाराला काठी, तीही कसल्याशा वाळक्या पट्टीने बांधलेली. आमच्या रांगेतल्या रोपांपेक्षा ती जास्त टवटवीत दिसत होती, हे बघून मला जरा रागच आला.

त्यापुढच्या रविवारी आणखी चार गेली. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. सगळी मधलीच. सगळी त्याच वळणावर.

आता सर पेटले. झाडं जिवंत होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. रांगेला मधेच भोक पडलं होतं ना! "पुढच्या रविवारी तारेचं कुंपण घालायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत," त्यांनी जाहीर केलं. खांब कुठून आणायचे तेही ठरलं.

माझ्याकडे एक आठवडा होता. मला कुंपणाचं काही पडलं नव्हतं, मला फक्त कळायला हवं होतं, कोण? आणि का?

मंगळवारी आई बाजारातून गणपतीसाठी हार घेऊन आली. पुडी सोडताना मी तशीच थांबले. पुडी केळीच्या सोपटाने बांधली होती, म्हणजे केळीच्या खोडाची ती वाळलेली पट्टी असते ना, फुलवाले दोऱ्याऐवजी वापरतात, ती. आणि वळणावरची रोपं काठीला कशाने बांधली होती? सोपटाने! मी किंचाळलेच. आई म्हणाली, "साप निघाला का पुडीतून?"

बुधवारी कॉलेज सुटल्यावर स्कूटी काढली आणि थेट काठावर. ऊन उतरलं होतं. रांगेच्या मधल्या भागासमोर झेंडूचं एक शेत आहे, तिथली मावशी खाली बसून, हातात खुरपं घेऊन, आमच्या एका अर्जुनाभोवतीची माती मोकळी करत होती. मला बघून दचकली नाही, काही नाही.

"आलीस? धर ती पाटी. गड्डा फुटता कामा नाय."

मी पाटी धरली! विचारायला आले होते आणि चोरीत सामील झाले. रोप मातीच्या गड्ड्यासकट पाटीत बसलं, आम्ही दोघी ते उचलून वळणाकडे निघालो, आणि वाटेत मी विचारलं, मावशी, का?

तिने मागे शेताकडे बोट केलं. अर्धा एकर. आत्ता झेंडू, मग शेवंती. घर त्याच्यावर चालतं. "थंडीत ऊन नदीकडनंच येतं आमच्याकडं. आज हे एवढुसं हाय. पाच वर्सांनी ह्याचा वसवा कुठवर येईल, सांग बरं?"

वसवा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बांधावरच्या झाडाची सावली आणि मुळं मिळून शेजारच्या पिकाला खातात, तो वसवा. म्हणजे आमची ती सुंदर सरळ रांग मोठी झाली असती की मावशीचं शेत काळोखात. आणि चाळीस रोपं लावताना आमच्यापैकी एकानेही मान वळवून मागे शेत बघितलं नव्हतं. मीही नाही. माझी पाठ होती तिकडे.

"मग उपटून का नाही टाकली?"

"एक उपटलं व्हतं की. मुळं बघितली तर नवी, पांढरी फुटलेली. लागलेलं रोप कुणी फेकतं व्हय?"

मी कुंपणाचं सांगितलं तेव्हा मात्र ती थांबली. तार घातली तर तिला ना रोपं हलवता येणार, ना नदीवरच्या मोटरीकडे जाता येणार. "मग पिकला माझा झेंडू," एवढंच म्हणाली.

रविवारी खांब आले. मी सरांना बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं, पण मावशी स्वतःच बांधावर येऊन उभी राहिली.

"हे सगळं तुम्ही हलवलंत?" सर.

"व्हय."

"रांग मोडली आमची!"

"रांगेचं काय लोणचं घालायचंय?"

काकूंच्या हातातला पोह्यांचा डबा हसून हसून पडायचा राहिला. सर लाल. "अहो, पण आधी सांगायचं ना आम्हाला!"

"मागल्या साली नदीत फुलांचा कचरा टाकू नका म्हणून तुम्ही मला पाऊण तास सांगत व्हता. मी टाकत बी नव्हते. आता परत कोण तुमच्या तोंडाला लागणार?"

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, "मग इथे काय लावू, ताई?"

"निर्गुडी लावा. छाटली की कंबरेएवढी राहती, काठ धरून ठेवती, गुरं तोंड लावत नाय."

आणि मग गंमत बघा! तिचं बोलणं ऐकून शेजारच्या शेतांतले दोघं बांध ओलांडून आले. "आमच्यासमोरचं पण बघा की सर." म्हणजे सगळ्यांनाच सलत होतं! खांब त्याच टेम्पोतून परत गेले आणि संध्याकाळी आम्ही पुन्हा जमलो. तिन्ही शेतांसमोर उरलेली अकरा रोपं मावशीच्या देखरेखीखाली हलवली. एक जांभूळ मेलं, ते माझ्या हातून. गड्डा फुटला. मावशीने फुटलेल्या गड्ड्याकडे नुसतं बघितलं, आणि ते मला लागलं.

आता वळणावर झाडांचा घोळका आहे, वेडावाकडा. ते दोघं शेतकरी पाऊस उघडला की आपल्या मोटरीचं पाणी तिकडे सोडतात, न सांगता. दसऱ्याला मावशीने झेंडू विकला, शेवंतीही कळीला आली आहे.

पण मला आता नवीनच नाद लागलाय. शहरात कुठेही सरळ रांगेत लावलेली झाडं दिसली की मी स्कूटी थांबवते आणि उलट्या बाजूला बघते. समोर कोण राहतं? त्यांना कुणी विचारलं होतं का? तुम्ही कधी हौसेने लावलेलं एखादं झाड कुणी गुपचूप हलवलंय का? आणि का हलवलं, ते तुम्ही जाऊन विचारलंत का?