आत्याची हरकत

स्वतःच्याच फायद्यावर लेखी हरकत घेणारं माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि ती माझी आत्या आहे.

आत्या शिवाजी पेठेतल्या एका घरात राहते आणि तिचा आवाज सगळ्या पेठेत राहतो. मोबाईल ती कानाला लावते तो केवळ रीत म्हणून. इचलकरंजीच्या नणंदेशी बोलायला लागली की फोन नसता तरी चाललं असतं, असं समोरचा दुकानदार म्हणतो. माझं अगदी उलटं आहे. रिक्षावाल्याला 'इथेच थांबवा' हे सांगायला मला धीर गोळा करावा लागतो, तोवर रिक्षा पुढच्या चौकात गेलेली असते. तरी आत्याला मळीकडे नेण्याचं काम माझ्याच स्कूटरवर आहे. मागे बसून ती शहराची ख्यालीखुशाली घेत असते. सिग्नलला शेजारच्या अनोळखी माणसाला, "पावणं, हेल्मेट नवं दिसतंय. बायकूनं घेऊन दिलं व्हय?" असं विचारते, आणि तो माणूस खरंच उत्तर देतो. मी लाल दिव्याकडे एकटक बघत राहते.

मळी म्हणजे तिची नदीकाठची जमीन. पुराने वर्षानुवर्षं गाळ आणून टाकलेली, काळी, भुसभुशीत. तिथे ती वांगी पिकवते आणि पेठेच्या कोपऱ्यावर बसून विकते. विकते असं आपलं म्हणायचं. आधी गिऱ्हाइकाची मुलाखत होते. भरीत करणार की भरली वांगी, कूट कशाचं घालणार, घरात वांग्याला नाक मुरडणारं कोण आहे. एक बाई मायक्रोवेव्हमध्ये करते म्हणाल्या, तेव्हा आत्याने त्यांच्या पिशवीतली वांगी परत काढून घेतली आणि त्यांना कोबी न्यायचा सल्ला दिला. पूर ओसरला की लोक भिंती, कपाटं, गाड्या बघायला धावतात. आत्या मळीत जाते. चिखलात उभी राहून चिमूटभर गाळ बोटांत चोळते, हुंगते, आणि माहेरी आलेल्या लेकीची पिशवी तपासावी तसा निकाल देते. "यंदा हात आखडलाय नदीबाईनं," किंवा मग, "आणलंय की भरपूर."

तर शहराचा नवा आराखडा आला. पालिकेच्या भिंतीवर नकाशा लागला. नदीच्या दोन्ही अंगांनी निळी रेषा, आणि त्या रेषेच्या आत बांधकाम नाही, भराव नाही. ती रेषा सरळ येत येत आत्याच्या मळीपाशी पोचली होती आणि दारातली रांगोळी चुकवावी तसा वळसा घालून पुढे गेली होती. मळी बाहेर. लोकांनी आत्याचं अभिनंदन केलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या दादाचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, त्याच संध्याकाळी फोन आला. भराव टाकून जमीन उंच करू, लग्नाचं लॉन काढू, मी नोकरी सोडून येतो, तुझ्याजवळच राहतो. 'परत येतो' हे ऐकायला आत्या कित्येक वर्षं थांबली होती. मला हे सांगताना तिचा आवाज चक्क खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला अर्ज टाइप करायला बसवलं. माझी मळी निळ्या रेषेत घ्यावी, असा. मी दोनदा विचारलं, घ्यावी की वगळावी?

"घ्यावी. इंग्लिश शाळंत एवढं बी शिकवलं न्हाय व्हय?"

सुनावणीला दादाही आला आणि दाराशी उभा राहिला. आत रांगेतला प्रत्येक जण आपल्या जागेत पाणी कधी आलंच नाही असं शपथेवर सांगत होता. नदी जणू शहर टाळूनच जात असावी. मोठ्या पुरात आत्याने ज्यांना होडीतून भाकरी पोचवल्या होत्या, ते शेजारचे एक गृहस्थही तेच सांगू लागले. आत्या मागूनच म्हणाली, "मग गच्चीवर काय पतंग उडवायला गेलतासा?" हॉल हसला. ते गृहस्थही हसले आणि त्यांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला.

आत्याचा नंबर आला. साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, "मावशी, तुमची जमीन बाहेरच आहे. मग अडचण काय?"

"तीच तर अडचण हाय. पूर आला की पाणी माझ्या मळीत येऊन बसतंय. तितं भराव पडला तर ते मागच्या गल्लीत, लोकांच्या घरात जाऊन बसंल. त्याला कुठंतरी बसाय लागतंय की."

"मग तुम्ही नका टाकू भराव. तुम्हाला सक्ती कुठे आहे?"

"मी न्हाय टाकत. पण मी काय जन्माला पुरणार हाय व्हय?" असं म्हणून तिने एकदा दाराकडे पाहिलं. "मी नसताना त्यो टाकंल."

दादा दारातून निघून गेला. आत्याने अर्जाची पोच मात्र शिक्का नीट उमटेपर्यंत सोडली नाही.

रेषा बदलली. मळी आत गेली, आणि आत्याने नातवंड झाल्यासारखे पेठभर पेढे वाटले. एकेकाला सांगत सुटली, "आता हितं कायबी हुणार न्हाय!" ज्यांना विषय ठाऊक नव्हता त्यांनीही पेढा खाऊन आनंद व्यक्त केला. पुण्याहून मात्र बरेच महिने फोन आला नाही.

मग एका रविवारी दादा गाडी घेऊन आला. थेट मळीतच आला. आईशी जेवढ्यास तेवढं बोलला, बांधावर बसून भाकरी खाल्ली. निघताना आत्या डिकीत वांगी भरत सुटली. "बास की आई, एवढी कोण खाणार?" तो म्हणाला. ती भरतच राहिली. शेवटी त्यानेच आपली बॅग पुढच्या सीटवर नेऊन ठेवली आणि डिकीत जागा केली.

गाडी निघाल्यावर मी हळूच विचारलं, तो अजून रागावलाय का.

"हाय की," आत्या म्हणाली. "राग बी पाण्यागतच असतोय. बसाय जागा दिली की वसरतोय आपसूक."

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. आत्या पदराने हात पुसत रस्त्याकडे बघत राहिली, हात कोरडे झाल्यावरही. मीही घाई केली नाही.