आत्याने झुलवणे सोडले

टीव्हीवाल्यांनी आजवर कोट्यवधी माणसांना फसवले असेल, पण नवेगाव बांधच्या माझ्या आत्याइतके मन लावून कोणीही फसले नसेल. तिची आवडती मालिका दोन मित्रांची होती. ते एकमेकांकडे इतका वेळ बघत, की आत्या भात उतरवून परत आली तरी नजर तिथेच असे. वाहिनीवाले 'धाडसी कथानक' म्हणून मिरवत. ते धाडस दर शुक्रवारी दारापर्यंत येई आणि सोमवारी कोणाला तरी ताप भरे. शेवटी एकाचे लग्न भलत्याच मुलीशी लागले आणि दुसरा वरातीत नाचला.

"काऊन रे, मंग इतके दिवस कायले पाहून राहिले होते एकमेकाईकडे?" आत्याने मला असे खडसावले, जणू पटकथा माझीच. मग टीव्हीवर टॉवेल टाकून तिने त्याच्याशी अबोला धरला.

राग उगाच नव्हता. तिचा मुलगा आणि त्याचा दोस्त कोहमाऱ्याला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवत, एकाच खोलीत राहत. त्यांचे काय आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. म्हणत कोणी नव्हते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. चौकात नाचगाण्यांच्या दंडारीचा खेळ, घरोघर पाहुणे, आणि पाहुण्यांबरोबर सोयरिकी. दर मंडईला मुलासाठी स्थळ येई, आत्या गोड हसून "पुढच्या मंडईले पाहू" म्हणे, आणि मुलाबरोबर आलेला दोस्त तेवढा वेळ विहिरीवर उगाच पाणी ओढत राही.

मालिका संपली त्या वर्षीही ती तेच म्हणाली. पाहुण्यांदेखत मुलगा बोलला, "आई, तू बी टीव्हीवाल्यायसारखीच झुलवून राहिली. याईले बी, अन् आमाले बी."

आत्याने किटली खाली ठेवली. मग विहिरीकडे तोंड करून तिने अशी हाक मारली, की चौकातला ढोलकीवाला चुकला. "इकडं ये रे! बस त्याच्या बाजूले." आणि मुलीच्या बापाकडे वळून, "माह्या पोराचं जमलं आहे. हा पाहा. तुमच्या पोरीले कायले अडकवू?"

बाप चिवडा चावायचे विसरला. "बाई, आधीच सांगतलं असतं तं आमी दुसऱ्या गावच्या मंडईले गेलो असतो!"

"तेच चुकलं माह्यं. चहा घ्या."

त्याने घेतला. एकाही वाहिनीला न जमलेला भाग आत्याने ओसरीवर, पार्श्वसंगीताशिवाय उरकला होता.

पुढच्या मंडईला पाहुणे कमीच आले. आत्याने सवयीने टोपलीभर वडे तळले होते. तळता तळता ती रस्त्याकडे बघे.

"येतील, आई," दोस्त म्हणाला.

तिने त्याच्या ताटात आणखी दोन वडे टाकले. "नाही आले तं तुमी खा."