अळंबी खाल्लेल्यांचं रक्त

आमच्या लॅबमध्ये माणसं रक्त द्यायला येतात आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातात. काउंटरवर मी बसते, त्यामुळं त्या सगळ्या माझ्याकडं साचतात. "उपाशीपोटीच आलोय, फक्त चहा-पोहे घेतले" म्हणणारे तर रोजचेच. पण ते झाले पेशंटचे किस्से. आमचे स्वतःचे निघाले, की कुठूनही सुरू करा, गाडी अळंबीवरच येऊन थांबते.

*

पहिल्यांदा अळंबी आणली ती शीतलनं. ही आमची टेक्निशियन, दौलताबादच्या बाजूच्या खेड्यातून रोज एसटीनं क्रांती चौकात येते. तिच्या आईला बांधावरच्या वारुळाजवळ सापडलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पांढऱ्या छत्र्यांची जुडीच तिनं टेबलावर ठेवली. आम्ही शहरातली माणसं. पावसाळ्यात उगवतं त्याला कुत्र्याची छत्री म्हणायचं आणि लांबून जायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

लॅबच्या मालकीण, आमच्या डॉक्टर मॅडम, म्हणाल्या, "हे इथं कुणी खाल्लं आणि काही झालं, तर लॅबला कुलूप लागेल." घरोघरी जाऊन सॅम्पल आणणारा रफिक मात्र एक तुकडा मायक्रोस्कोपखाली धरून बराच वेळ बघत बसला. मी विचारलं, "काय दिसतंय रे?"

"ताई, इसके नीचे तो मेरी उंगली भी खाने के लायक नहीं दिखती."

*

दुसऱ्या दिवशी शीतल ती शिजवूनच घेऊन आली. कांदा, लसूण, घरचा काळा मसाला आणि ज्वारीची भाकरी. आमच्यात जेवताना सगळे डबे मधे ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांतलं घ्यायचं, अशी पद्धत. शीतलनं आधी स्वतः दोन घास खाल्ले. मग रफिकनं डोळे मिटून घास घेतला आणि चावता चावता उघडले. "मटन बोलके देती तो भी खा लेता मैं!"

मी लई घाबरले होते, खोटं कशाला सांगू? घास घेण्याआधी सासूबाईंना फोन करून कपाटाची किल्ली कुठं ठेवलीय ते सांगितलं. मग खाल्लं. चावताना जरा करकरीत, मग मऊ, आणि मागं पावसात भिजलेल्या मातीचा वास. दुसरा घास घेताना किल्ली विसरून गेले.

लॅबमधल्या सगळ्यात वयस्क बापूकाकांनी घेतलं नाही. "माझा श्रावण आहे," म्हणाले.

*

कुठल्याही घरात असं काही खाल्लं, तर लोक रात्री देवाचं नाव घेऊन झोपतील. आम्ही लॅबवाले. सकाळी येऊन खाल्लेल्या सगळ्यांचं रक्त काढलं आणि लिव्हरची टेस्ट लावली. तेव्हापासून तो नियमच झाला: अळंबी खाल्ली की दुसऱ्या दिवशी बाही वर.

मॅडमनी खाल्लं नव्हतं. तरी म्हणाल्या, "तुलनेला माझंही घ्या." रिपोर्ट आले. आमचे सगळ्यांचे नॉर्मल. बिघडलेला एकच, मॅडमचा. त्या दिवसापासून त्यांची चारच्या चहाबरोबरची कचोरी बंद झाली.

*

आता बापूकाकांचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. काका आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. घर गंगापूरकडचं, शेतीवाडीचं, मानपानाचं. शीतलचं घर बौद्ध. ती नवी आली तेव्हा काकांनीच तिला हाताला धरून काम शिकवलं. म्हाताऱ्यांची शीर कशी शोधायची, लहान लेकराला बोलण्यात कसं गुंतवायचं, काही राखून ठेवलं नाही. पावसात एसटी चुकायची वेळ आली तर स्वतः गाडीवर स्टँडला सोडायचे. फक्त तिच्या डब्यात हात घालायचे नाहीत. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी ॲसिडिटी. माझ्या डब्यातली वांगी मात्र त्यांच्या ॲसिडिटीला चालायची. आम्हाला दिसत होतं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

एकदा डबा बंद करता करता शीतल मला म्हणाली, "ताई, बाकीचे विषाला भेत्यात, ते मला समजतं. दुसऱ्या कुणी नाय खाल्लं तर काय वाटत नाय. पर ज्यांनी सुई धरायला शिकवली, त्यांनीच नाय खायाचं?"

 

*

पुढच्या पावसाळ्यात रफिकला चेव आला. कुठल्याशा बंगल्याच्या लॉनवरून पिशवी भरून छत्र्या आणल्या, अगदी शीतलच्या अळंबीसारख्या दिसणाऱ्या. शीतलनं एक उलटी करून बघितली आणि सगळी पिशवी कचऱ्यात टाकली. रफिक चिडला. "कायकू फेकी? इतनी मेहनत से लाया!"

"आमच्या चुलत्यानं अशीच आणली व्हती," ती म्हणाली. "खाल्ली तवा काय झालं नाय. रातभर बरा व्हता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाय."

रफिकनं तिची माफी मागितली. तेवढ्यात काका बोलले, "म्हणून तर मी हे खात नाही."

शीतलनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि ट्यूबांवर नावं चिकटवायला बसली. त्या दिवशी दिवसभर ती काकांना "काका" म्हणाली नाही. त्यानंतर अळंबी आणणंही तिनं सोडलं.

*

गेल्या भादव्यात तिच्या आईनं फार आग्रह करून पुन्हा पाठवली. रफिक आणि मी जेवलो. काकांना या वेळी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही वार सांगितला नाही. उरलेली भाजी आणि अर्धी भाकरी शीतलनं डब्यात झाकून चहाच्या फळीवर ठेवली. "राहू दे इथंच," एवढंच म्हणाली आणि एसटी गाठायला निघाली. लॅब बंद करायचं काम काकांचं. आम्ही निघालो तेव्हा ते एकटेच आत होते.

सकाळी फळीवर तो डबा घासून, पुसून पालथा घातलेला. आमच्या काकांनी आजवर स्वतःचा चहाचा कप विसळलेला मी बघितला नव्हता.

नियमाप्रमाणं शीतलनं आधी रफिकचं रक्त घेतलं, मग माझं. मी कापूस दाबून उठले, तर रिकाम्या खुर्चीत काका येऊन बसले. शर्टाची बाही वर केली आणि हात तिच्यापुढं ठेवला.

"काका, तुमचं कशाला?" रफिक म्हणाला.

काकांनी त्याच्याकडं बघितलं नाही. "खाल्लेल्यांचं काढता ना? मग माझंबी काढ."

शीतलनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, शिरेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मूठ आवळा, काका."