उजवीकडचं बटण

आमच्या घरात एकच कॉम्प्युटर आहे. चऱ्होलीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. त्यातल्या पुढच्या खोलीत, एम्ब्रॉयडरी मशीनच्या शेजारी तो ठेवलेला आहे. दिवसा तो अप्पांचा आणि संध्याकाळी माझा, अशी वाटणी मी बारावीत असल्यापासून चालू आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरकडून आल्यावर ते चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. तिथलं कंत्राट संपल्यावर त्यांनी एक लहान एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं. कामगारांच्या शर्टावर खिशाच्या वर कंपनीचं जे चिन्ह भरलेलं असतं, ते काम अप्पा करतात. मशीनला चित्र कळत नाही. सुई कुठून कुठे जाणार, धागा कुठे तुटणार, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. याला पंचिंग म्हणतात. त्यासाठीचं सॉफ्टवेअर अप्पांनी मशीनसोबतच विकत घेतलं होतं. त्याच्याबरोबर एक सीडी आणि पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक काळी चावी मिळाली होती. चावी लावली की तिच्यावर लाल दिवा लागायचा आणि मगच सॉफ्टवेअर उघडायचं.

अप्पा सातवी शिकलेत. इंग्रजी अक्षरं ओळखतात, पण शब्दांशी अडखळतात. ते सॉफ्टवेअर त्यांनी वाचून नाही, जागेवरून शिकून घेतलं. डावीकडून तिसरं बटण म्हणजे कंगवा, कारण त्यावर दातांसारख्या उभ्या रेघा आहेत. त्याने भरीव टाका पडतो. त्याच्या खाली गोगलगाय, गोल भाग भरायला. मी त्यांना बटणांची खरी नावं सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा कंगवाच म्हणायचे.

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर एक संदेश यायचा. ऑपरेटिंग सिस्टिमची नवीन आवृत्ती आली आहे, फुकट आहे, घ्या. खाली दोन बटणं असायची. डावीकडचं 'आता', उजवीकडचं 'नंतर'. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने अप्पांना सांगून ठेवलं होतं की कॉम्प्युटरने असं मधेच काही विचारलं तर उजवीकडचं दाबायचं. अप्पा ते इमानाने दाबत. दारावर आलेल्या फेरीवाल्याला सांगावं तसं "आज न्हाई बाबा" म्हणत दाबत. मला तो अडाणीपणा वाटायचा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायचा. मी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि अपडेट का करावं यावर आमचं अर्धं लेक्चर झालेलं होतं.

गेल्या वर्षी कॉलेजने एक परीक्षा ऑनलाइन ठेवली. लॅबमध्ये सगळे मावत नाहीत, म्हणून ती घरूनच द्यायची होती. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणारं एक सॉफ्टवेअर टाकून घ्यायचं होतं आणि ते फक्त नव्या सिस्टिमवर चालणार होतं. नोटिशीच्या शेवटी एक ओळ होती: ज्यांच्याकडे योग्य कॉम्प्युटर नाही त्यांनी विभागात नाव द्यावं. ती ओळ मी दोनदा वाचली. वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप होते, निदान मला तसं वाटत होतं. विभागात जाऊन, आमच्याकडे एकच आहे आणि तो वडिलांच्या कामाचा आहे, असं सांगायची मला लाज वाटली. तेव्हा मी हे कारण स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. परीक्षा शुक्रवारी होती.

त्याआधीच्या रविवारी अप्पा तयार शर्ट पोचवायला चिंचवडला गेले होते. आई बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी कॉम्प्युटर सुरू केला, संदेश आला आणि मी डावीकडचं बटण दाबलं.

जवळजवळ तीन तास लागले. सगळं नवं, स्वच्छ दिसायला लागलं. परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकताना जागा कमी पडते आहे असं आलं. जुन्या सिस्टिमच्या फायली काढून टाकायच्या का, असं त्यानेच विचारलं. मी काढून टाकल्या. अप्पांच्या सॉफ्टवेअरचं चित्र पडद्यावर जागेवर दिसत होतं, म्हणून ते उघडून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी सकाळी अप्पांना नवीन काम आलं. चिंचवडचा एक ठेकेदार त्यांना वर्षभर शर्ट देतो. त्याचा निरोप होता की चाकणच्या एका कंपनीचे साठ टी-शर्ट शनिवारपर्यंत हवेत, कारण सोमवारी तिथे ऑडिटला बाहेरचे पाहुणे येणार आहेत. कंपनीने चिन्हही बदललं होतं. आधी नुसतं चाक होतं, आता त्यात एक पान आलं होतं. म्हणजे जुनं डिझाइन चालणार नव्हतं, नवं पंच करावं लागणार होतं.

मी आत डबा भरत होते. अप्पांनी हाक मारली.

"माय, हे बग बरं, काय म्हणायलंय."

चावीचा दिवा लागला नव्हता. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालू शकत नाही, बनवणाऱ्यांशी संपर्क करा. मी ते त्यांना मराठीत सांगितलं. ही आवृत्ती कुठून आली, ते सांगितलं नाही. काहीतरी सेटिंग बदललंय, संध्याकाळी बघते, असं म्हणून बस पकडायला निघून गेले.

कॉलेजमधून मी सॉफ्टवेअर विकणाऱ्या दुकानात फोन केला. त्या माणसाने शांतपणे सांगितलं की तुमची आवृत्ती आता बंद झाली, तिची चावी नव्या सिस्टिमला ओळखू येत नाही. नवीन सॉफ्टवेअर मिळेल, पण ते विकत मिळत नाही, दर वर्षाला पैसे भरून वापरायचं. बटणांची जागा तीच आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही मॅडम, सगळं बदललंय, खूप सोपं केलंय. मग जुन्या सिस्टिमवर परत जाता येईल का ते मी शोधलं. येत होतं. त्यासाठी मी रविवारी काढून टाकलेल्या फायली लागत होत्या.

संध्याकाळी अप्पांना नव्या सॉफ्टवेअरच्या वर्षाच्या भाड्याचं सांगितलं. त्यांनी चावी काढून हातात घेतली.

"विकत घेतलंय ना आपण हे," ते म्हणाले. "चावी तीच, कुलूप तेच. मग उघडंना कसं?"

याचं उत्तर मला येत होतं. मी परीक्षेची वही काढून बसले.

मंगळवारी अप्पांनीच ठेकेदाराला अडचण सांगितली. त्याने त्याच्या ओळखीच्या कुणाकडून तरी डिझाइन पंच करून फोनवर पाठवलं. मी ते पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि बुधवारी सकाळी अप्पांनी एका टी-शर्टावर भरून बघितलं. चाक ठीक आलं. पानापाशी कापड गोळा झालं, देठाजवळ बारीक भोक पडलं. टी-शर्टाचं कापड ताणतं, त्यावर टाके विरळ ठेवावे लागतात आणि हे टोपीच्या जाड कापडावर भरतात तसे दाट भरलेले होते.

"ज्यानं केलं त्यानं कापड हातात धरलं न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. सीटच्या कव्हरांपासून त्यांना कापडाचा हात आहे, आणि हे त्या एका वाक्यात पुरेसं कळत होतं. मग ब्लेड घेऊन ते तो नमुना उलट्या बाजूने उसवत बसले. मी कॉलेजातून परत आले तेव्हा टी-शर्ट धुऊन दोरीवर घातलेला होता. भोक दिसत होतंच.

ठेकेदाराने उद्यापर्यंत काय ते सांगा म्हटलं होतं. जमत नसेल तर भोसरीत एकजण करून द्यायला तयार आहे, आणि मग या कंपनीचं पुढचं कामही त्याच्याकडेच जाईल. अप्पांनी हे मला सांगितलं नाही. आईने सांगितलं, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

मी पुढच्या खोलीत गेले. अप्पा मशीनला तेल घालत होते. काम नसलं की ते तेल घालतात.

"अप्पा, मी केलंय ते," मी म्हणाले. "रविवारी. ते डावीकडचं बटण मी दाबलं. परीक्षेसाठी."

त्यांनी तेलाची बाटली बंद केली.

"ठाव हाय," ते म्हणाले. "पडद्याच्या खालचं, सगळं उघडायचं बटन डाव्या कोपऱ्यात असतंय. सोमवारी मधी आलतं. आपोआप कशाला येईल."

जे सगळं जागेवरून ओळखतात, त्यांना जागा बदललेली पहिल्या मिनिटाला दिसली होती. मी मात्र तीन दिवस लपवत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तुजी परीक्षा होऊ दे म्हणलं. तवर कुणाला काय बोलायचं."

म्हणजे ठेकेदाराला नाही म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं. शुक्रवारपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हेही ठरवलं होतं.

गुरुवारी मी पहिलं लेक्चर सोडून विभागात गेले. दाराबाहेर किती वेळ उभी होते ते आठवत नाही. आमच्या मॅडम दोनदा आत-बाहेर करून गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं. मी एका दमात सांगितलं की घरी एकच कॉम्प्युटर आहे, तो वडिलांच्या कामाचा आहे आणि त्यावर जुनी सिस्टिम लागते, म्हणून मला परीक्षा लॅबमध्ये बसून देता येईल का. मॅडमनी एक कागद पुढे केला. त्यावर आधीच अकरा नावं होती. त्यांतली दोन माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलींची होती.

"बारावं लिही," त्या म्हणाल्या. "आधी का नाही आलीस?"

मी नाव लिहिलं.

लॅब सांभाळणाऱ्या काकांना मी जुनी सिस्टिम परत कशी टाकायची ते विचारलं, कारण आता विचारायला सुरुवात झालीच होती. ते म्हणाले, जुन्या सिस्टिमचं लायसन्स त्या कॉम्प्युटरलाच जोडलेलं असतं, पूर्ण पुसून परत टाकता येईल. परीक्षेचं सॉफ्टवेअर मात्र जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. त्यांनी एका पेनड्राइव्हवर जुनी सिस्टिम घालून दिली. एम्ब्रॉयडरीच्या सॉफ्टवेअरची सीडी मी घरून आणली होती. अप्पांनी ती पिशवीत पिशवी घालून, बिलासकट पेटीत ठेवलेली. काकांनी तीही त्याच पेनड्राइव्हवर उतरवून दिली. काय काय कोणत्या क्रमाने करायचं ते मी वहीत लिहून घेतलं. पहिली ओळ त्यांनी मला परत वाचायला लावली: आधी डिझाइन दुसरीकडे ठेव, मग पूस.

दुपारी घरी येऊन मी तसंच केलं. अप्पांना शेजारी बसवलं आणि प्रत्येक पायरीला पडद्यावर काय विचारलं जातंय ते पूर्ण वाचून दाखवलं, मगच दाबलं. आम्हाला दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. चावी लावली. दिवा लागला नाही. चावीसाठीचं वेगळं एक सॉफ्टवेअर सीडीवरच होतं, ते टाकायचं राहिलं होतं. ते टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेव्हा लाल दिवा लागला आणि कंगवा डावीकडून तिसरा दिसला.

अप्पांनी ठेकेदाराला फोन करून करतो म्हणून सांगितलं. मग हातातला टी-शर्ट दोन्ही बाजूंनी ओढून बघितला आणि पान भरायला घेतलं.

शुक्रवारी आम्ही बारा जण लॅबमध्ये बसलो. पेपर मध्यम गेला. एक प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमवरच होता, तो मला बरा आला. परत येताना गल्लीच्या तोंडापासून मशीनचा आवाज येत होता. अप्पांनी वर न बघता पेपर कसा गेला ते विचारलं आणि माझ्याकडे छोटी कात्री सरकवली. मी टी-शर्टांवरचे सुटे धागे कापायला बसले. साठातला एक, भोक पडलेला, ठेकेदाराने आमच्या मजुरीतून वजा केला. बाकीचे शनिवारी गेले. काम अजून आमच्याकडेच आहे.

पुढच्या आठवड्यात संदेश पुन्हा आला. या वेळी अप्पांनी मला बोलावून त्यात काय काय लिहिलंय ते विचारलं. मी तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तुमचे काही जुने प्रोग्रॅम चालणार नाहीत, आधी तपासून घ्या. मी तेही वाचून दाखवलं.

"कवा तरी घ्यावंच लागंल न्हवं?" अप्पांनी विचारलं.

हो म्हणावं लागलं. जुन्या सिस्टिमची देखभाल बंद होत चालली आहे, हा कॉम्प्युटरही काही जन्मभर पुरणार नाही. त्या दिवशी नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागेल आणि कंगवा, गोगलगाय कुठे गेलेत ते शोधावं लागेल. मी म्हटलं, तेव्हा आधी दोघं बसून सगळं वाचू.

"वाच तू," ते म्हणाले. "बटन मी दाबीन."

आणि त्यांनी उजवीकडचं दाबलं.