भिजवलेलं चामडं

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात लग्नंच झाली न्हाईत, वरातीत वाजवायचं काम बंद पडलं, म्हणून सासऱ्याचा विलायती ड्रमसेट विकायला काढला. नवरा तापानं पडलेला, घरात मी एकटी, लेकरू कडेवर. बँडवाला घ्यायला आला, पाणी मागितलं. टँकरचं दिलं, तर अर्धं पिऊन उरलेलं त्यानं ड्रमच्या चामड्यावर सांडलं अन् वाजवून म्हणला, "बाई, आवाज बसलाय, दोनशे घ्या."

माझं डोकं भडकलं. वरातीआधी नवरा सैल पडलेलं ओलं चामडं शेकून ताणायचा, ते मी दरवेळी बघितलेलं. ड्रम उन्हात ठेवला.

"बसा दादा. भाव मला ठाव न्हाई, आवाज ठाव हाय."

वाळल्यावर मीच असा दणकून वाजवला की लेकरू रडायलं. त्यानं हजार काढले. औषधासाठी घेतले, पण चार शिव्या घालूनच.