रांगेत नसलेल्या गायी

पुण्याहून निघताना खिडकीची जागा शिरीषला मिळाली आणि माझा बीडचा प्रवास स्टँडवरच बिघडला. आम्ही दोघे एकाच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मुले त्याला ‘सर’ म्हणतात आणि मला ‘ते दुसरे सर’. कॉलेजची कुत्रीसुद्धा त्याच्याच मागे जातात. मी बिस्किटे घालून पाहिली आहेत.

वर्ष दुष्काळाचे होते. बीड सोडल्यावर उघड्या रानात हिरवी दिसली ती फक्त वेडी बाभूळ. नेकनूरच्या पुढे एका गावात आम्ही उतरलो. दूध सोसायटीकडे कडब्याचा (ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचा) एकच ट्रक होता. या गावात चाऱ्याची खरेच टंचाई आहे का, हे थोड्या घरांना विचारून आम्ही ठरवायचे होते. नाही म्हटले, की ट्रक पुढच्या गावाला.

सोसायटीचे चेअरमन आबा. त्यांनी पहिला चहा शिरीषला दिला. मी मोठ्या मनाने दुर्लक्ष केले.

“सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकू,” शिरीष म्हणाला. “ज्याची निघेल त्याच्याकडे जायचं, लांबच्या वस्तीवर असलं तरी.”

“जा बाबा उन्हात,” मी म्हणालो. सकाळी अख्खे गाव दूध घालायला डेअरीवर येते. रांगेतल्या दर पाचव्या माणसाला विचारायचे, की झाला पद्धतशीर नमुना. शिवाय सावलीत.

सकाळी रांग लागली.

“चारा आहे का?”

“हाय की थोडाफार. म्हैस दूध देतीया म्हंजी खातच आसंल.”

मागून एकाने विचारले, “सर, मला कावून इचारंना?”

“तू चौथा हायेस. गप ऱ्हा बे,” पुढच्याने त्याला दटावले.

रांग संपेपर्यंत माझा निष्कर्ष तयार होता: टंचाई नाही. शिरीषला घाम गाळताना पाहावे म्हणून मी मुद्दाम वस्तीकडे गेलो. बऱ्याच घरांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला गेली होती. शिरीष मात्र लिंबाच्या सावलीत बसून धपाटे खात होता. वाढणाऱ्या मंदामावशी कौतुकाने सांगत होत्या, “माझ्या घराची चिठ्ठी निघाली.”

त्यांच्यामागे दोन गायी उभ्या होत्या. फासळ्या दिसत होत्या.

“मावशी, डेअरीवर दिसला नाहीत?”

“काय घिऊन येऊ? दोनी गायी आटल्या. पोरं, सुना उसाला गेली, गायी माझ्यावर टाकून. लई दिस दम धरला. उद्या नेकनूरचा बाजार हाय. आज कडबा आला न्हाई तर इकते.”

मला डेअरीवरचा माणूस आठवला. फॅट तपासायला वाटीभर दूध घेण्याआधी तो किटली तळापासून ढवळत होता. मी मात्र गाव न ढवळताच वरची साय काढून आणली होती. ज्यांचा चारा संपला त्यांची जनावरे आटली, आणि आटली म्हणून ती माणसे माझ्या रांगेत आलीच नाहीत.

शिरीषच्या चिठ्ठ्यांत अशी घरे बरीच निघाली होती. दुपारी आबांनी निकाल विचारला. पारावर माणसे जमली होती. शिरीषकडे पाहताना माझ्या पोटात दुखत होते, पण गायी डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

“माझी रांग चुकली,” मी म्हणालो. “शिरीषचं बरोबर आहे. टंचाई आहे.”

“जरा मोठ्यानं बोला,” आबा म्हणाले. “मागच्यांना आईकू आलं न्हाई.”

मी मोठ्याने बोललो.

दिवेलागणीच्या आत ट्रक आला. पहिल्या पेंढ्या मंदामावशींच्या दावणीत पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या बाजाराला गेल्या नाहीत. आम्हाला पोचवायला एसटीपर्यंत आल्या. धपाट्यांचे गाठोडे त्यांनी शिरीषच्या हातात दिले आणि मला म्हणाल्या, “तुमी बी या कदी.”

शिरीष खिडकीशी बसला आणि बीडच्या आधीच झोपला. मी हळूच गाठोडे सोडले. वरचे धपाटे उत्तम होते. पण फक्त वरचे, हाताला लागले ते घेऊन सगळ्याची पारख करायची नाही, एवढे या प्रवासाने मला शिकवले होते. म्हणून मी मधले घेतले, मग तळातले. शेवटी नमुन्यावर भरवसा ठेवायचाच नाही असे ठरवले आणि पुणे येईपर्यंत पूर्ण गणना उरकली.