मॉलच्या दारातलं कुंकू

बेबीताई मॉलमध्ये शिरण्याआधी पायपुसण्यावर पाय दोनदा पुसायची. टोपली घ्यायची नाही. आतल्या गारव्यात पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायची. दुसऱ्या बायांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायची, कोणी सांगितलेलं नसताना. आणि काही न घेता निघाली, तरी दारात गिऱ्हाइकांच्या स्वागताला उभ्या असलेल्या पूनमला "येते वं माय" म्हणायची, घरातून निघाल्यासारखं.

देऊळगाव राजातला हा मॉल म्हणजे तीन मजले आणि एक सरकता जिना, तोही बहुतेक बंद. बेबीताई ब्लाऊज शिवते. अस्तर, हूक, धागा बाजारात स्वस्त मिळतात हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी पावलं इकडेच वळायची.

ती वळू लागली मागच्या संक्रांतीपासून. गिऱ्हाईक यावं म्हणून दुकानदारानं दारातच हळदीकुंकू ठेवलं होतं. पूनमनं सगळ्यांना लावलं, तसं हिलाही लावलं. नवरा गेल्यापासून गल्लीत तिला या दिवसांत कोणी बोलावत नव्हतं. त्याचं तिला नवल नव्हतं. शेजारच्या कलाबाईचा नवरा गेला तेव्हा हिनंही तिला कधी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी पूनमला सांगायला हवं होतं. तिनं कपाळ पुढं केलं. गल्लीच्या तोंडाशी येऊन तिनं कपाळ पदरानं पुसलं.

यंदा मात्र ती ठरवूनच गेली. ठेवणीतली साडी, मोकळा गळा पदराखाली. रांगेत नंबर आला. पूनमनं ओळखीचं हसत बोट करंड्यात बुडवलं.

"अवं बेबे!" मागून गल्लीतल्या सुभद्राबाईचा आवाज आला. "तू काऊन उभी राह्यली इथं?"

"तिळगूळ घ्याले आली."

"तिळगूळ तिकडं हाय. पोरी, तुले माहीत नाही का? हिचा नवरा जाऊन पाच वर्सं झाली."

"इथं सगळ्यालेच फ्री हाय वाट्टे!" रांगेतली एक फिसकन हसली.

पूनमचं बोट हवेतच राहिलं. "काकू, खरं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तेच बेबीताईला जास्त लागलं.

"हाव. मागच्या खेपेलेच सांगाले पायजे होतं तुले," बेबीताई म्हणाली.

पूनमनं एकदा मॅनेजरकडे पाहिलं. मग बोट पुढं केलं. तोंड फिरवलं ते बेबीताईनं. कुंकवासाठी काढून ठेवलेल्या चपलाही नीट न घालता ती निघाली.

त्यानंतर ती मॉलमध्ये गेली नाही.

पूनमचं लग्न फाल्गुनात आहे. शालूवरचं ब्लाऊज तिनं संक्रांतीआधीच हट्टानं बेबीताईकडे टाकलं होतं. नंतर तिचा फोन आला. "काकू, मले तुमच्याच हातचं पायजे. लोकांचं काय घेऊन बसता?" बेबीताई "हो हो" म्हणाली. पुढचे फोन तिनं उचलले नाहीत.

लग्नाचं कापड आणि आपला विधवेचा हात. असलं काही ती कधी मनात आणत नव्हती. या पाच वर्षांतही कितीतरी नवऱ्या मुलींची ब्लाऊज तिनं शिवली. आता मशीनवर बसली की पाय हलत नाही. ब्लाऊजला एक बाही लागली आहे. दुसरी कातरून, टाचण्या टोचून तशीच पडली आहे.